तीन ओळींचा अहवाल

मी नेमकी काय नोकरी करत होते, हे आमच्या नात्यात अजून कोणाला धड सांगता येत नाही. जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या माझ्या काकू भेटेल त्याला सांगायच्या, "आमची पुतणी जेलात असते." ऐकणारा गप्प व्हायचा, काकू मात्र निवांत भाजी निवडत राहायच्या. सासरची मंडळी दोन पिढ्या सरकारी फॅक्टरीवाली. त्यांच्या हिशेबी सरकारी नोकरी म्हणजे सकाळचा भोंगा आणि हातात डबा. ही बाई स्कूटीवर बसून चोरांच्या घरी जाते, त्यांच्या सवयी विचारते, शेजाऱ्यांकडे चौकशी करते, हे त्यांच्या पचनी कधी पडलंच नाही. आमचे हे तर पाहुण्यांना सांगायचे, "स्थळं पाहून राहिली आहे, पण चोरांची."

खरं सांगायचं तर उपमा अगदीच चुकीची नव्हती. मी प्रोबेशन ऑफिसर होते. कायद्यात एक सोय आहे. एखाद्याच्या हातून पहिल्यांदाच गुन्हा घडला आणि तो कोर्टात सिद्धही झाला, तरी त्याला तुरुंगातच धाडलं पाहिजे असं नाही. चांगलं वागेन असं लिहून घेऊन त्याला घरी सोडता येतं. पण न्यायाधीश बसलेले उंच खुर्चीवर, समोरचा माणूस कसा आहे हे त्यांना कसं कळणार? मग ते आमच्या ऑफिसला लिहितात, जाऊन पाहून या. आम्ही जायचं, घर पाहायचं, चार लोकांशी बोलायचं आणि अहवाल लिहायचा. अहवाल बरा असला तर बहुतेक वेळा माणूस सुटायचा. मग वर्षभर त्याने दर महिन्याला येऊन आम्हाला तोंड दाखवायचं, आणि आम्ही त्याची खुशाली फाइलीत नोंदवायची.

ही तोंड दाखवायला येणारी मंडळी माझी फार लाडकी होती. एक सायकलचोर होता. तो पहिल्याच महिन्यात माझ्या स्कूटीचं कुलूप पाहून हळहळला. म्हणाला, "दीदी, ये तो बच्चा भी खोल लेगा." पुढच्या खेपेला त्याने स्वतः दुकानातून चांगलं कुलूप निवडून आणलं, वर पावतीही दाखवली, मला शंका येऊ नये म्हणून. आणखी एक म्हातारबाबा होते, भांडणात शेजाऱ्याचं डोकं फोडलेले. त्यांचं वर्ष संपलं तर रुसून बसले. मुदत वाढवून द्या म्हणाले. काहून, तर महिन्यातून एकदा कोणी तरी "कसे आहात" विचारतं, ते आता बंद होणार. तशी मुदत वाढवता येत नाही. पण बाबा पुढे दोन वर्षं येत राहिले, आणि मीही विचारत राहिले.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले तिच्याकडे येते. या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या होत्या की गमतीजमती लिहा. गमती आहेतच, पण ही एक गोष्ट सोडून बाकीच्या लिहिल्या तर मला माझाच राग येईल.

नोकरीत रुजू झाले त्या दिवशी आमच्या एका वरिष्ठांनी कानात सांगितलं होतं, ज्याची चौकशी करायची त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. आज पाणी प्याल, उद्या मिठाईचा डबा येईल. मला हे फार पटलं. मी नियम इतका पाळायची की वस्त्यांमध्ये माझं नाव 'पानी नहीं वाली मैडम' पडलं होतं, आणि त्याचा मला चांगलाच गर्व होता. दारात उभं राहायचं, स्कूटीची किल्ली हातातच ठेवायची, फॉर्ममधले रकाने विचारायचे आणि निघायचं. घर कसं, कमाई कशाची, शेजाऱ्यांचं मत काय, केल्याचा पश्चात्ताप आहे का. दहा मिनिटांत एक घर. दिवसाला पाच-सहा उरकायची आणि वर ऑफिसात सांगायची.

एकदा एकाच आठवड्यात माझ्याकडे दोन प्रकरणं आली. दोघांवर एकच कलम, चारशे वीस. दोघांनीही सरकारलाच फसवलेलं.

पहिला राइट टाउनमधला एक विद्यार्थी. घर दुमजली, पण उत्पन्नाचा खोटा दाखला काढून गरिबांसाठीची शिष्यवृत्ती घेतलेली. मी गेले तर त्याच्या आईने सोफ्यावर बसवलं. ट्रेमध्ये चहा, सोबत घरच्या शंकरपाळ्या. मी नाही म्हणाले, पण तिचा चेहरा इतका पडला की मला कसंसंच झालं. शिवाय ती आपल्या मराठी मंडळातली निघाली. तिथे चहा नाकारणं म्हणजे उद्धटपणा झाला असता. मी प्यायले. बसले की बोलणं होतंच. मुलाला दमा आहे, आजीचे पाय रोज तोच चेपतो, दाखला त्याच्या मामाने काढून दिला, हे सगळं निघालं. मुलगा आला, हात जोडून उभा राहिला आणि रडला. रडणं खरं होतं हो, मी सांगते. त्याच्या अहवालाची अडीच पानं झाली.

दुसरी गेंदाबाई. रेल्वे लाइनीपलीकडच्या वस्तीत राहायची. सरकारी शाळेत दुपारचं जेवण रांधायची. वय पन्नासच्या आसपास, उंचीने माझ्या खांद्याला लागेल एवढी, आवाज मात्र पलीकडच्या गल्लीत पोचेल असा. तिच्या रेशनकार्डावर सासूचं नाव होतं. सासू मेली तरी ते तसंच ठेवून तिने दोन वर्षं सासूच्या वाट्याचं धान्य उचललं. मग रेशन दुकानदाराशी तिचं वाजलं आणि त्याने तक्रार ठोकली. गुन्हा तिने कोर्टात लगेच कबूल केला होता.

मी तिच्या दारात उभी. आत खाटेवर नवरा खोकत पडलेला, मुन्नालाल त्याचं नाव, जन्मभर खडी फोडून छाती गेलेली. गेंदाबाईने स्टूल पुढे केलं. मी म्हटलं, राहू द्या. तिने तांब्या आणला. मी मान हलवली. मग विचारलं, "केल्याचा पश्चात्ताप होतो का?"

"गलती राशन की लिस्ट की थी दीदी," ती म्हणाली. "पूरी बात सुनोगी तो बताएँ."

माझी आणखी तीन घरं राहिली होती. मी म्हटलं, हो की नाही एवढंच सांगा. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग तांब्या उचलून आत घेऊन गेली. मी ऑफिसात येऊन माझ्या सुवाच्य अक्षरात तिचा अहवाल लिहिला. तीन ओळींचा. खाली मी सही केली आणि आमचे साहेब तिवारीजी यांनी.

मुलगा प्रोबेशनवर सुटला. गेंदाबाईला सहा महिन्यांची शिक्षा झाली. ती गेली तुरुंगात आणि मी गेले दिवाळीच्या खरेदीला. मला काहीसुद्धा वाटलं नाही, हे लिहिताना आज मला लाज वाटते.

मे महिन्यात त्याच वस्तीत दुसऱ्या एका चौकशीला गेले होते. जबलपूरचं ऊन ज्यांनी खाल्लं आहे त्यांना सांगायला नको. दोन घरं झाली आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. कोणी तरी दंड धरून मला सावलीत नेलं, खाटेवर बसवलं आणि हातात पेला दिला. कैरीचं पन्हं होतं. मी काही न विचारता गटागटा प्यायले. वस्त्यांमधला एवढ्या वर्षांचा नियम असा एका पेल्यात बुडाला. पेला देणारी बाई फूलमती. म्हणाली, "अब बैठी रहो घंटा भर. उठीं तो फिर गिरोगी."

बसले. त्या वस्तीत इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा बसले होते.

तेवढ्यात समोरून एक पोरसवदा सून झाकलेलं ताट घेऊन गेली. फूलमती तिला म्हणाली, "आज तेरी बारी है क्या? दाल पतली रखना, उनसे निगलते नहीं बनता." मी सहज विचारलं, कोणासाठी? तर मुन्नालालसाठी. गेंदाबाई आत गेल्यापासून गल्लीतल्या नऊ घरांनी पाळ्या लावल्या होत्या. एक घर जेवण देणार, एक त्याला आंघोळ घालणार, एक दवाखान्यात नेणार. ती आत होती त्यातला एक दिवस चुकला नव्हता.

मी विचारलं, एवढं काहून करता? फूलमती मला वेड्यात काढल्यासारखी हसली. "गेंदा ने किसका नहीं किया?"

मग ती सांगत गेली आणि मी ऐकत गेले. कोणत्या योजनेचा अर्ज कोणत्या खिडकीवर, कुठला बाबू जेवणाआधी चिडका असतो आणि जेवणानंतर बरा, हे सगळं गेंदाबाईला पाठ. गल्लीतल्या बायकांच्या पेन्शनीसाठी, लहानग्यांच्या दाखल्यांसाठी तीच रांगेत उभी राहायची. कोणाच्या घरी माणूस गेला तर तेराव्यानंतर कार्डावरून त्याचं नाव कमी करायलासुद्धा तीच जायची. फूलमतीच्या सासऱ्याचं नाव तिनेच कापून आणलं होतं.

"मग आपल्या सासूचंच काहून नाही कापलं?" मी म्हटलं.

आता फूलमतीचा आवाज खाली आला. गेंदाबाईच्या सासूचं नाव कार्डावर मुळी नव्हतंच. नाव चढवायला गेंदाबाईने चार वर्षं खेटे घातले. कधी आधार जुळेना, कधी वय जुळेना, कधी साहेब बदलून गेलेले. म्हातारी रोज विचारायची, आलं का माझं नाव? सून आपल्या ताटातलं तिला वाढायची. शेवटी म्हातारी गेली. आणि तेराव्याच्या आठवड्यात नाव आलं.

"हमने कहा था, कटवा दे," फूलमती म्हणाली. "बोली, चार साल लगे हैं चढ़वाने में, मेरे हाथ से नहीं कटेगा."

मला वाटलं, आता पुढे पुण्यकर्माची गोष्ट येणार. मी विचारलं, ते धान्य तिने कोणाला वाटलं का? फूलमती म्हणाली, "बाँटेगी काहे को? खाया. भूखे थे तो खाया." मला ते उत्तर आवडलं. गेंदाबाई संत नव्हती. तिने नियम मोडला होता आणि तो आपण मोडतो आहोत हे तिला माहीत होतं. पण शिक्षा ठरवताना न्यायाधीशाला जे कळायला हवं होतं, ते सगळं त्या गल्लीत खाटेवर मांडून ठेवलेलं होतं. मी किल्ली हातात घेऊन त्याच्यासमोरून निघून गेले होते.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं आणि रडले. राइट टाउनच्या मुलाबद्दल माझ्या मनात काही वाईट नव्हतं, आजही नाही. तो सुटला ते योग्यच झालं. आता बँकेत आहे, आजीच्या मागे आईचीही सेवा करतो, दिवाळीला मला फोन करतो. चूक त्याची अडीच पानं नव्हती. जिथे सोफा होता तिथे मी बसले आणि जिथे स्टूल होतं तिथे उभी राहिले, ही चूक होती. आणि वर त्याला मी प्रामाणिकपणा म्हणत होते. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. नेहमीची थट्टा केली नाही. एवढंच म्हणाले, "मग आता रडून राहिली काय? ती अजून आत आहे ना?"

सहा महिन्यांची शिक्षा तशी एव्हाना संपायला हवी होती. पण मधल्या काळात जामिनावर अडीच-तीन महिने ती बाहेर होती, अपील दाखल झालं होतं, मग जामीनदाराने अंग काढून घेतलं आणि ती पुन्हा आत गेली होती. तोवर एकूण साडेतीन महिने तिने काढले होते, अडीच बाकी होते. उरलेल्या महिन्यांपेक्षा मोठी गोष्ट अशी की शिक्षेचा डाग राहिला तर सरकारी शाळेची चूल तिला कायमची बंद होणार होती. प्रोबेशन मिळालं तर कायदाच सांगतो की त्या दोषामुळे माणसाला कशासाठी अपात्र धरू नये. मोफत विधी सेवेचा एक तरुण वकील तिचं अपील चालवत होता. मी त्याला गाठलं आणि म्हटलं, वरच्या कोर्टाला नवा अहवाल मागायला सांग. तो चाचरत म्हणाला, "मॅडम, पहिला अहवाल तर तुमचाच आहे."

म्हटलं, म्हणूनच.

कोर्टाने अहवाल मागवला. मी वस्तीत तीन वेळा गेले. नऊच्या नऊ घरांत बसले, प्रत्येक घरी जे पुढे आलं ते घेतलं. एका घरी तर चहात इतकी साखर होती की ओठ चिकटले. मुन्नालालच्या खाटेशी बसले तेव्हा तो खोकत खोकत म्हणाला, "बाई, हिला लवकर सोडवा. ह्या नऊ जणी मिळून मला खाऊ घालून मारतील." महाराष्ट्रात खडीच्या कामावर बरीच वर्षं काढल्यामुळे त्याला बऱ्यापैकी मराठी यायची, हेही मला तेव्हाच कळलं.

अहवाल चार पानांचा झाला. शेवटी मी लिहिलं की पूर्वीचा अहवाल अपुरा होता, कारण माझ्याकडून पुरेशी चौकशी झाली नव्हती. तिवारीजींनी ते वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मैडम, अपनी ही रिपोर्ट काट रही हैं आप. पच्चीस साल में मैंने ऐसा होते नहीं देखा. कल को कोई आपकी बाकी रिपोर्टें भी खोल सकता है."

"खोलू द्या," मी मराठीतच म्हटलं. रागात मला हिंदी सुचत नाही. पण बाकीच्या अहवालांमध्येही अशी किती दारं असतील, ज्यांच्यासमोर मी किल्ली घेऊन उभी होते, ते मला त्या क्षणी दिसून राहिलं होतं.

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग पेन उचललं, माझ्या वाक्यात 'मुझसे' होतं ते खोडून 'हमसे' केलं आणि खाली सही केली. म्हणाले, "पहलेवाली पर दस्तखत तो मेरा भी था." या माणसाने मला नोकरीभर रजेसाठी रडवलं, पण त्या दिवसापासून मी त्यांच्याविरुद्ध कोणाला एक शब्द बोलू दिला नाही.

गेंदाबाई प्रोबेशनवर सुटली. एक वर्षाची देखरेख, अधिकारी मीच. शाळेच्या चुलीसाठी मी कायद्याचं पुस्तक घेऊन मुख्याध्यापिकेकडे दोनदा गेले. त्या भल्या होत्या, पण स्वयंपाकाचं काम बायकांच्या गटाकडे असतं आणि गटाने तिच्या जागी दुसरी बाई घेतली होती. तीही गरजूच. तिला काढा असं कोणत्या तोंडाने म्हणणार? गेंदाबाई जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या एका डबेवालीकडे पोळ्या लाटायला लागली. कागदावर तिच्यावर कसलाच डाग नव्हता, पण चूल मात्र गेली ती गेलीच. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

दर महिन्याला ती यायची. बाहेर बाकावर बसलेल्या इतर मंडळींच्या अडचणी विचारून घ्यायची आणि मलाच सांगायची, याचा अर्ज अमुक खिडकीवर द्यायला हवा, तुमच्या बाबूने चुकीच्या ठिकाणी धाडलं. पाच-सहा महिन्यांत अशी वेळ आली की लोक आधी तिला विचारायचे आणि मग माझ्याकडे यायचे. तिवारीजी म्हणायचे, "इसकी निगरानी आप कर रही हैं कि ये हमारी?"

वर्ष संपलं त्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून आली. अंगठा-सही झाली. मी म्हटलं, झालं, आता यायची गरज नाही. ती उठली नाही.

"दीदी, मेरे बारे में जो लिखा था, वो सुना दो. सबने कहा बहुत अच्छा लिखा है. हमने तो सुना ही नहीं."

मी फाइल काढली आणि चार पानं वाचून दाखवली. ती खाली पाहून ऐकत होती. सासूचा मजकूर आला तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. फूलमतीने दिलेली साक्ष ऐकून मात्र हसली, म्हणाली, "झूठी है, इतना भी नहीं किया मैंने." वाचून संपलं. मला वाटलं, आता जाईल.

"और वो पहलेवाला?"

मी म्हटलं, ते जाऊ दे, त्याचं आता काय. ती म्हणाली, "नहीं, सुनाओ. उसी पे तो गई थी."

फाइलीच्या तळाशी तो कागद होता. मी वाचला. "निवास झोपड़ी, ज़मीन का पट्टा नहीं. आय अनिश्चित. पश्चात्ताप के लक्षण नहीं पाए गए."

ती वाट पाहत राहिली. मी काहीच पुढे वाचत नाही म्हटल्यावर म्हणाली, "आगे?"

"एवढंच आहे, गेंदाबाई."

तिला वाटलं, मी काही तरी लपवते आहे. तिने हात पुढे करून कागद माझ्याकडून घेतला. तिला वाचता येत नव्हतं. तिने तो डोळ्यांजवळ नेला, मग उलटा केला आणि पाठीमागे पाहिलं. मागची बाजू कोरी होती. तिने बोटाने ती बाजू एकदा चाचपून पाहिली.

"बस इतने पे चार महीने," ती हळूच म्हणाली. माझ्यावर रागावून नाही, स्वतःशीच.

मी तिचे हात धरले आणि माफी मागितली. मराठीत मागितली की हिंदीत, ते आता आठवत नाही. तिने कागद नीट घडी घालून फाइलीत ठेवला, फाइलीची नाडी स्वतः बांधली आणि माझ्यापुढे सरकवली.